घडीच्या चाकूची क्लिप आणि तिच्यामागचं मशिनिंग

घडीच्या चाकूला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप असणारच, असं आज आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती अवघ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रुळली. घडीचे चाकू मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. फ्रान्सच्या साव्वा भागातला ओपिनेल १८९० पासून बनतोय आणि तो खिशाच्या तळाशी किल्ल्या-चिल्लरीबरोबर पडून असायचा. अमेरिकेत १९६४ मध्ये आलेला बक ११० जवळपास २०० ग्रॅमचा. एवढं वजन खिशात कोण बाळगणार? त्याला पट्ट्यावर चामड्याचं म्यान लागलं.

१९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ आणला. सॅल ग्लेसर यांच्या या चाकूच्या पात्याला अंगठ्याने उघडण्यासाठी गोल भोक होतं आणि मुठीला कपड्यात अडकवायची क्लिप. चर्चा भोकाचीच जास्त झाली. पण क्लिपमुळे चाकू खिशाच्या काठाशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने राहू लागला. एका हाताने काढून एका हाताने उघडायचं जमलं ते या दोन्हींच्या जोडीमुळे.

पुढची पायरी थोडी फसली. स्पायडर्कोच्याच १९९० च्या डेलिका आणि एन्ड्युरा या मॉडेलांत क्लिप वेगळी नव्हतीच; काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या मुठीबरोबर एकाच साच्यातून निघायची. स्क्रू नाही, जोडणी नाही, खर्च कमी. पण क्लिप तुटली की बदलायची सोय नाही, कारण ती मुठीचाच भाग. पुढच्या आवृत्त्यांत धातूची, स्क्रूने बसणारी क्लिप आली.

क्लिप वेगळी झाली आणि ती नीट बसवायची कशी हा प्रश्न आला. नुसती वरून ठेवून स्क्रू आवळले तर दारात, सीटबेल्टमध्ये अडकताना बसणारा बाजूचा सगळा हिसका त्या बारक्या स्क्रूंवर येतो आणि ते हळूहळू सैल होतात. म्हणून चांगल्या चाकूत क्लिपच्या बुडासाठी मुठीत उथळ खाच मिल करतात, म्हणजे फिरत्या कटरने कोरतात. हिसका खाचेच्या भिंती घेतात, स्क्रूंनी फक्त धरून ठेवायचं. आता मिलिंगचं कटर गोल फिरतं, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा काटकोनी निघत नाही. ३ मिमी व्यासाचं कटर असेल तर निदान दीड मिमी त्रिज्येची गोलाई राहतेच. क्लिपचे कोपरे त्याहून टोकदार असले तर ती खाचेत शिरतच नाही. मग आळशी उपाय म्हणजे खाच चहूबाजूंनी मोठी करायची. क्लिपभोवती नखाला लागेल एवढी फट दिसली तर हेच झालंय असं मी समजतो. दोन्ही गोलाया जुळवून फट केसाएवढी ठेवणारा कारखाना आतल्या, न दिसणाऱ्या भागांतही सहसा हयगय करत नाही.

दुसरं टोक कपडा धरतं. जीन्सच्या खिशाची शिवण चांगली जाड असते; ती आत सरकायला टोक थोडं वर वळलेलं हवं, आणि टोकाच्या अलीकडे क्लिप मुठीला हलकेच टेकलेली हवी. टेकते तिथली मूठ गुळगुळीतही हवी. जी-१० (काचेचं कापड आणि रेझिन यांचं कडक साहित्य) च्या खरबरीत मुठीवर ही जागा घासून सपाट केली नाही, तर खिशाची कड महिन्या-दोन महिन्यांत पिंजल्यासारखी होते. पत्रा वाकवून केलेली क्लिप या कामात झकास. तिला मुळातच लवचीकपणा असतो. टायटेनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली क्लिप दिसते देखणी, पण तिची मान, म्हणजे वाकणारा भाग, पुरेशी पातळ केली नाही तर इतकी ताठ राहते की चाकू खिशातून उपसावा लागतो.

खरी अडचण फ्रेमलॉकने केली, म्हणजे मुठीच्याच एका पट्टीने उघडं पातं अडवून धरणाऱ्या रचनेने. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. १९८७ मध्ये त्यांचा फ्रेमलॉकचा सेबेन्झा हा चाकू आला आणि १९८९ मध्ये ते अमेरिकेत, आयडाहोतल्या बॉइसीला गेले. सेबेन्झात मुठीच्या टायटेनियमच्या एका बाजूलाच चीर पाडून, मुळाशी थोडं पातळ करून लॉकची पट्टी केलेली असते. ती स्प्रिंगसारखी आत येऊन पात्यामागे बसते. क्लिपही त्याच बाजूला, आणि तिचं टोक नेमकं त्या पट्टीवर. पट्टीवर एक बारीक गोळी असते, जी मिटलेलं पातं जागेवर धरते. उघडताना बोटांनी क्लिप दाबली की दाब पट्टीवर जातो, गोळी पात्यात आणखी रुतते आणि पातं हलत नाही. नवखा माणूस चाकू घट्ट आहे म्हणून स्क्रू ढिले करत बसतो.

२०१९ च्या सेबेन्झा ३१ मध्ये क्लिप किंचित तिरपी करून टोक पट्टीवरून हटवलं, ते मुठीच्या न हलणाऱ्या भागावर आणलं. त्यासाठी पट्टीची चीर, क्लिपची जागा आणि स्क्रूचं भोक यांचा हिशोब एकत्रच मांडावा लागतो. जुन्या आराखड्याच्या फ्रेमलॉकवर हाच त्रास असेल तर क्लिप काढून पातं उघडून पाहावं. तेवढ्याने सुटलं तर दोष पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळ्याचा, नाही.