जीपले डिस्क ब्रेक लावता, पण जीप थांबन का?

आपल्याकडे परतवाडा-अचलपूरच्या बाजूला कुणाच्या ना कुणाच्या वावरात जुनी महिंद्रा जीप अजून उभी दिसते, अन् सध्या पोट्ट्यांना नाद एकच, तिला बोलेरोची 15 इंची चाकं टाकायची अन् समोर डिस्क ब्रेक. चाकं बसतात लगेच. विलीज या मूळ अमेरिकी जीपच्या जमान्यापासून जीपचं पीसीडी, म्हणजे पाचही बोल्टच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, 139.7 मिमी आहे, अन् बोलेरोचं, जिप्सीचंही तेच. मोजायचं असलं तर शेजारच्या दोन बोल्टच्या मधोमध ते मधोमध अंतर घ्या अन् 1.7 नं गुणा, म्हणजे पीसीडी निघते; अंतरच 82 मिमी आलं की समजा जुळलं. मिस्त्री म्हणते, नट बसले ना भाऊ, झालं मग.

झालं कुठं, खरं काम तर आता सुरू होते.

ब्रेक गाडी थांबवते म्हणजे काय करते तर गाडीच्या वेगाची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते. चिखलदऱ्यावरून घाट उतरून परतवाड्याला याल तर सात-साडेसातशे मीटर खाली येता, दीड टनाच्या जीपसाठी या उतरणीची ऊर्जा होते साधारण 1 कोटी ज्यूल, एवढ्यात तीस लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातला बराचसा भाग गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिन खाते, न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या शहाण्यांचं मात्र सगळं ब्रेकवरच येते. जीपचे जुने ब्रेक ड्रमचे, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर (घासणारं अस्तर) दाबते. हा ड्रम तापला की बाहेरच्या बाजूला फुगते, लायनरपासून दूर जाते, पेडल खाली खाली जायला लागते, अन् गरम लायनरची पकडही कमी होते. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. तिचं तसं नाही, ती तापून फुगली तरी पॅडच्याच बाजूला येते, वरून हवाही मोकळी लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये भरून राहते, डिस्कवरचं पाणी दोन-चार फेऱ्यांत फेकल्या जाते.

पण ड्रमची एक गोष्ट लोक विसरतात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला (लायनर लावलेल्या पट्टीला) स्वतःच आपल्याकडे ओढून घेते, म्हणजे पायाला फुकटची मदत. डिस्कमध्ये ही मदत नाही, म्हणून बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, लागते अन् बूस्टरला लागते व्हॅक्यूम, म्हणजे हवा खेचून केलेली पोकळी. आता जीप डिझेल, डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नसते त्यामुळे कामाचा व्हॅक्यूम इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतून, मिळतच नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागते, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागेच लागलेला येते. तो नसला तर नुसता बूस्टर म्हणजे शोभेची वस्तू.

मास्टर सिलिंडरही, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, बदला. कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, त्याचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागते, जुना छोटा मास्टर तेवढं ढकलू शकत नाही. शिवाय ड्रमवाल्या कित्येक सिस्टीममध्ये एक छोटी झडप लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवते, डिस्कवर ते प्रेशर राहिलं की पॅड सतत घासत राहतात अन् चाक हाताला पोळते. अन् लाइन एकच असेल तर एका गळतीत चारही चाकांचे ब्रेक गेले, म्हणून मास्टर घ्यायचा तर दोन सर्किटचाच घ्या.

कॅलिपरचं ब्रॅकेट नांगराच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ नका बाप्पा, ब्रेक लावताना चाकाचा सगळा मरोड त्याच दोन बोल्टवर येते. टायरचा व्यास बदलला तर स्पीडोमीटरही खोटं बोलते, तो किरकोळ प्रकार.

मागचे ड्रम राहू द्या, बोलेरोलाही मागे ड्रमच आहेत. फक्त सगळं बसवून झाल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, कमी वेगात जोरात ब्रेक मारा अन् बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा की आधी कोणतं चाक लॉक होते. ब्रेक लागला की वजन समोर येते, मागचं चाक हलकं होते, अन् तेच आधी लॉक झालं तर गाडीची शेपूट फिरते. तसं दिसलं तर मागच्या लाइनमध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह टाकायचा, अन् मगच जीप घाटात न्यायची.