एक जोडणी, सारे घर: डायल-अपकडून सामायिक ब्रॉडबँडकडे

मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांनी डायल-अप सोडून कायम चालू राहणारे इंटरनेट घेतले, तो काळ साधारण २००१ ते २००८ असा धरता येतो. त्या बदलाविषयी बोलताना बहुतेक वेळा वेगाचा उल्लेख होतो. मात्र डायल-अपची जोडणी एका वेळी एकाच माणसाच्या कामाची असे आणि तेवढा वेळ घरातल्या इतरांचा फोनही अडवून धरी, तर नंतरची जोडणी सगळ्या घराची झाली; आणि ही वाटणी कशी व्हावी, याचा विचार तेव्हाच्या सरकारी धोरणात जवळजवळ नव्हता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले आणि १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, हे सर्वपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या काळातील एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे दुहेरी खर्च. तासांचे पॅक सेवादात्याकडून विकत घ्यायचे आणि जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोनचे कॉलही मोजले जायचे. त्यामुळे एकाच घरात दोन संगणक असले तरी दोघांनी एका वेळी जोडणी वापरण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९९९ पासून विंडोजमध्ये जोडणी वाटून घेण्याची सोय होती. पण ५६ किलोबिटच्या मोडेममागे वाटून घेण्याजोगे फारसे काही नव्हते.

पहिला खरा बदल केबलवाल्यांनी घडवला. उपग्रह वाहिन्यांसाठी गच्च्यांवरून वायरी ओढण्याचा, सोसायटीच्या चिटणिसाची परवानगी मिळवण्याचा आणि दरमहा दारात येऊन पैसे गोळा करण्याचा त्यांचा अनुभव नव्वदच्या दशकापासूनचा होता. त्याच मार्गाने त्यांनी इंटरनेटची वायर घरात आणली. जिन्यातल्या लोखंडी पेटीत एक स्विच, म्हणजे एक जोडणी अनेक वायरींत वाटणारे यंत्र, तेथून प्रत्येक ग्राहकापर्यंत एक वायर, आणि ६४ किंवा १२८ किलोबिटचा ‘अनलिमिटेड’ प्लॅन, अशी ही व्यवस्था होती. तिचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. पावसाळ्यात वीज कडाडली की स्विच जळत. भारनियमनाच्या वर्षांत तर मुंबईबाहेरच्या शहरांत आपल्या घरी वीज असूनही, शेजारच्या इमारतीची वीज गेली म्हणून जोडणी बंद पडे. तरीही टेलिफोन मोकळा राहतो आणि महिन्याचा खर्च आधीच कळतो, या दोन गोष्टींवर हा धंदा उभा राहिला. त्याचे श्रेय या व्यावसायिकांना क्वचितच दिले जाते.

घरातील वाटणीला मात्र याच मंडळींचा विरोध होता. संगणकात ज्या नेटवर्क कार्डाला वायर जोडायची, त्याचा हार्डवेअर क्रमांक ते नोंदवून घेत आणि जोडणी त्याच यंत्राला बांधून टाकत. दुसऱ्या संगणकासाठी दुसरे भाडे. यावर ग्राहकांनी तोडगे शोधले. कोणी एका संगणकात दोन कार्डे बसवून त्याच्यामार्फतच दुसऱ्याला जोडणी दिली, तर पुढे बाजारात आलेल्या राउटरमध्ये नोंदवलेल्या कार्डाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवण्याची सोयच होती. ही फसवणूक की भाड्याने घेतलेल्या वस्तूचा रास्त वापर, यावर त्या वेळी बरेच वाद झाले. दुसरी बाजू अधिक पटण्यासारखी वाटते, कारण विकलेली होती ती ठरावीक रुंदीची वाट. तिच्यावरून एक यंत्र जाते की दोन, याने केबलवाल्याचा भार त्या रुंदीपलीकडे वाढत नव्हता.

या सगळ्यावर २००४ च्या एका निर्णयाची सावली आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) अशी शिफारस केली होती की, सरकारी टेलिफोन कंपन्यांनी घराघरांत पोहोचवलेल्या तांब्याच्या तारा इतर सेवादात्यांनाही रास्त भाड्याने वापरू द्याव्यात. देशात अशा तारांच्या सुमारे चार कोटी जोडण्या होत्या. त्यांपैकी अनेक जुन्या आणि ठिकठिकाणी जोड दिलेल्या होत्या, तरी पर्यायी वायर जवळजवळ कोणाकडेच नव्हती. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही सक्ती नाकारली. तारांचे मालक आणि इतर कंपन्या यांनी परस्परसंमतीने व्यवहार करावा असे म्हटले गेले, आणि मालक असलेल्या दोन सरकारी कंपन्यांकडून २००५ अखेरपर्यंत सुमारे १५ लाख जोडण्यांची अपेक्षा ठेवण्यात आली. सक्तीच्या विरोधकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तारा सार्वजनिक पैशातून टाकलेल्या होत्या, त्यांची देखभाल खर्चीक होती, आणि फायद्याची शहरे इतरांनी उचलली तर ग्रामीण एक्स्चेंज कोणी चालवायची, हा प्रश्न रास्त होता. परंतु परस्परसंमतीवर सोडलेला व्यवहार होत नसतो, कारण ज्याच्याकडे तार आहे त्याला संमती देण्याचे कारणच नसते. फ्रान्समध्ये याच काळात तारा खुल्या झाल्याने स्पर्धा वाढली आणि दर उतरले. आपल्याकडे खासगी सेवादात्यांना पुन्हा गच्चीवरच जावे लागले. धोरणात २०१० साठी दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य होते. ते वर्ष संपले तेव्हा ग्राहक सुमारे एक कोटी दहा लाख होते. या तुटीचे सगळे खापर एका निर्णयावर फोडता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे.

त्याच धोरणाने ब्रॉडबँडसाठी किमान २५६ किलोबिटची अट घातली. हा वेग सेवादात्याच्या केंद्रापासून ‘एकेका ग्राहका’पर्यंत मोजायचा होता. ग्राहक म्हणजे बिल ज्याच्या नावावर ते घर. आत माणसे किती, याचा हिशेब त्यात नाही. केंद्रापलीकडच्या वाटेवर किती घरे एकत्र सोडायची, यावरही प्रारंभी बंधन नव्हते. निवासी जोडण्यांसाठी एकास पन्नास, म्हणजे एका जोडणीच्या रुंदीत फार तर पन्नास ग्राहक, हे कमाल प्रमाण सुचवले गेले ते २००९ मध्ये.

जानेवारी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांची तांब्याच्या तारेवरची सेवा सुरू झाली. स्प्लिटर या तारेवरचे दोन संकेत वेगळे करणाऱ्या छोट्या उपकरणामुळे फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले, आणि लहान गावांत, जेथे केबलवाल्याची वायर पोहोचली नव्हती, तेथे हाच एकमेव मार्ग होता. येथे यंत्र मोजले जात नव्हते, मोजला जात होता डेटा. स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला ४०० एमबी ते १ जीबी मिळे आणि त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे पडत. पहाटे दोन ते सकाळी आठ या वेळेत मोजणी नसलेले प्लॅनही होते, म्हणून संगणक रात्रभर चालू ठेवण्याची पद्धत पडली. जानेवारी २००७ मध्ये वेग २ मेगाबिटपर्यंत, म्हणजे आठपट गेला, मर्यादा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. परिणामी महिन्याचा कोटा कोणी संपवला, हा घरातल्या भांडणाचा नवा विषय झाला.

वाय-फायसाठी लागणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला होता. राउटर स्वस्त होत गेले तसे वाय-फाय घरांत आले. त्याला पासवर्ड लावण्याची सवय मात्र फारशी नव्हती. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या आधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. जोडणी ज्याच्या नावावर, त्याची चौकशी झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवादात्यांना सूचना दिल्या. घरातील वाटणीची सरकारदरबारी ठळक दखल घेतली गेली ती अशी, संशयाच्या निमित्ताने.

पुढील दशकात किमान वेगाची अट २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर गेली. ठरावीक वापरानंतर वेग पाडणाऱ्या स्थिर जोडण्यांनाही ५१२ किलोबिटच्या खाली जाऊ नये, असे २०१६ मध्ये ठरले. २०१९ नंतर फायबर झपाट्याने पसरले आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत एकाच जोडणीवर कचेरी, शाळा आणि मालिका एकत्र चालू लागल्या. इमारतीत एकाच कंपनीला वायर टाकू देणाऱ्या सोसायट्यांचा प्रश्न नियामकाने २०१७ च्या जानेवारीतच शिफारशींमध्ये हाताळला होता, तरी वायर आत घ्यायची की नाही हे अनेक ठिकाणी अजून व्यवस्थापन समितीच्या मर्जीवर ठरते. २०२३ च्या जानेवारीत किमान वेग २ मेगाबिट झाला, आणि तोही पूर्वीप्रमाणेच एका ग्राहकामागे मोजला जातो.