एव्हरग्लेड्स पिग्मी सनफिश

(शास्त्रीय नाव : एलासोमा एव्हरग्लेडी). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील गोड्या पाण्याचा अतिशय लहान मासा. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी सु. ३ सेंमी. भरते. समुद्रातील ‘सनफिश’ या महाकाय माशाशी (मोला मोला) त्याचे नामसाधर्म्य तेवढे आहे, नाते नाही. एलासोमा वंशाची स्थापना डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १८७७ मध्ये केली आणि या जातीचे वर्णनही त्यांनीच १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. जातिनामावरून हा मासा केवळ एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशातला असा समज होतो. प्रत्यक्षात उत्तर कॅरोलायनापासून अलाबामापर्यंत आणि दक्षिणेस फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या उत्तर सीमेपर्यंत त्याचा आढळ आहे. पाणवनस्पतींनी दाटलेले, संथ किंवा साचलेले पाणी त्याला मानवते.

या वंशाचे वर्गीकरणातील स्थान दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. जॉर्डन यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र कुल मानले होते. पुढे अनेक अभ्यासकांनी त्याचा समावेश ब्लूगिल, ब्लॅक बास इत्यादी गोड्या पाण्यातील माशांच्या सेंट्रार्किडी कुलात केला. मात्र शरीरावर पार्श्वरेखा (पाण्याची हालचाल टिपणारी अंगाच्या बाजूची संवेदी रेषा) नसणे, पृष्ठपक्षात (पाठीवरच्या परात) मोजकेच काटे असणे आणि शेपटीचा पर गोलाकार असणे ही लक्षणे त्या कुलाशी जुळत नाहीत. पार्श्वरेखेशी संबंधित संवेदी रचनेच्या अभ्यासावरून ब्रॅन्सन आणि मूर यांनी १९६२ मध्ये त्याला पुन्हा वेगळे काढले. जॉन्सन आणि पॅटरसन यांनी तर १९९३ मध्ये, प्रामुख्याने पहिल्या मणक्याला जोडलेल्या बारीक अस्थीच्या ठेवणीचा आधार घेऊन, त्याला काटेरी स्टिकलबॅक, बोय (मलेट) इत्यादींच्या समूहात नेऊन ठेवले. केंद्रकीय (पेशीकेंद्रातील) जनुकांच्या तुलनेवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात मात्र एलासोमा हा सेंट्रार्किडीचा भगिनी-समूह (सर्वांत जवळचा नातलग समूह) ठरला. एकाच अस्थीच्या साम्यापेक्षा अनेक जनुकांचा हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. लहान आकारामुळे काही लक्षणे ऱ्हास पावली असावीत, हे स्पष्टीकरणही त्याच्याशी सुसंगत आहे.

मादी तपकिरी, ठिपकेदार असते. विणीच्या काळात नर काळाभोर होतो व त्याच्या अंगावर निळे-हिरवे चमकदार ठिपके उमटतात. पर ताठ उभारून, अंग हलवीत तो मादीला वनस्पतींच्या दाटीत नेतो. तेथे अंडी घातली जातात व ती साधारणतः दोन-तीन दिवसांत फुटतात. आयुर्मान एक ते दोन वर्षांचे असते.

मत्स्यालयात या माशाला लहान, भरपूर वनस्पती असलेली व मंद प्रवाहाची टाकी पुरते आणि सामान्य खोलीत हीटरची गरज नसते. किंबहुना हिवाळ्यातील थंड पाण्यानंतर वीण चांगली होते. तो कोरडे खाद्य सहसा घेत नाही, म्हणून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीव) याची नवजात पिल्ले, डॅफ्निया (पाणपिसू) यांसारखे जिवंत खाद्य सतत उपलब्ध ठेवावे लागते. चपळ माशांसोबत ठेवल्यास तो उपाशी राहतो.

ही जाती सध्या संकटग्रस्त मानली जात नाही. तिच्या वंशातील एलासोमा अलाबामी ही जाती मात्र १९३७ मध्ये अलाबामातील एका झऱ्यात आढळली आणि पुढच्याच वर्षी तो झरा धरणाच्या जलाशयाखाली गेला. नामशेष समजली गेलेली ही जाती १९७३ मध्ये लाइमस्टोन परगण्यातील झऱ्यांत पुन्हा सापडली. तिचे औपचारिक वर्णन १९९३ मध्ये झाले आणि २०१३ पासून तिला अमेरिकेच्या संघीय कायद्याचे संरक्षण आहे.