दिवा लागलेला, केबल खोचलेली, तरी नेट का तुटतं?

वाय-फाय बेभरवशाचं, म्हणून अनेक जण राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढून घेतात. आणि मग ऐन मीटिंगमध्ये पडद्याच्या कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह बदलतं, काही सेकंदांनी पुन्हा पूर्ववत होतं. तासभर काही नाही, मग लागोपाठ दोनदा. लगेच नेटवाल्याला फोन जातो. त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: नेट गेलं त्या क्षणी केबलच्या खोबणीजवळचा छोटा दिवाही विझला का?

विझला असेल, तर बिघाड घरातच आहे. कॉम्प्युटर, केबल आणि राउटर, यांच्या बाहेर जायचं कारण नाही. दिवा चालू आणि नेट बंद असेल, तर दोष बहुधा पुढे कुठेतरी असतो. सतत दिव्याकडे बघत बसणं शक्य नसतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (कॉम्प्युटरची घडामोडींची नोंदवही) ‘सिस्टिम’खाली दुवा, म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातली जोडणी, तुटल्याची वेळ बऱ्याचदा नोंदलेली सापडते. ती नोंद मिळाली की अर्धं काम झालं.

दुवा तुटतो म्हणजे नेमकं काय होतं? केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. पिळाची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ सालच्या पेटंटमधली. शेजारच्या विजेच्या तारेतून आलेला खळखळाट पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच उमटतो. पलीकडची नेटवर्क चिप (कॉम्प्युटर आणि राउटर दोन्हींत ती असते) फक्त दोन तारांमधला फरक वाचते, त्यामुळे खळखळाट वजा होऊन जातो.

आता खरी मेख. केबल खोचल्यावर दोन्हीकडच्या चिप कोणत्या वेगाने बोलायचं ते आधी ठरवतात, आणि ही बोलणी फक्त दोन जोड्यांवर होतात: प्लगमधल्या आठ पिनांपैकी १-२ आणि ३-६ या पिनांवर. १०० मेगाबिटला तेवढ्या दोनच जोड्या पुरतात. पण १९९९च्या मानकातल्या गिगाबिटला (१००० मेगाबिट) चारही लागतात. प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. समजा बोलणीत नसलेल्या निळ्या-तपकिरी जोड्यांपैकी तपकिरीतली एक तार पिनेला जेमतेम टेकली आहे. बोलणी सुरळीत पार पडतात, गिगाबिट ठरतं, दुवा जुळतो. मग टेबल हललं किंवा उन्हाने केबल किंचित प्रसरण पावली, की तार सुटते. चौथी जोडी गप्प झाल्यावर चिप दुवा सोडून देते आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ‘मधूनच जातं’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच. काही चिप दोन-चारदा हरल्यावर मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात. म्हणून गिगाबिटचा दुवा अचानक १०० दाखवू लागला, तर निळी किंवा तपकिरी जोडी तपासा.

बाजारातली स्वस्त केबल इथे फार घात करते. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, आणि ते वाकवलं की लवकर मोडतं. कॅट-६ या केबलच्या दर्जाला निव्वळ तांबंच हवं. ब्लेडने तार हळूच खरवडा. आत पांढरट दिसलं तर ती केबल भिंतीत घालू नका.

दुसरा छुपा दोष क्रिंपिंगचा, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्याचा. चार जोड्या ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा लावल्या की डोळ्यांना नीटनेटकं दिसतं, स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ या पिनांची एक जोडी असायला हवी. इथे त्या दोन वेगळ्या पिळांत जातात. पीळ विस्कटला की खळखळाट वजा होत नाही. हा टेस्टर फक्त तार अखंड आहे का एवढंच सांगतो, पिळाची जोडीदारी त्याला कळत नाही. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा क्रम दोन्ही टोकांना डोळ्यांनी पाहावा लागतो. किनारपट्टीवर तर जुन्या प्लगच्या पिनाही पाहा. खारी, दमट हवा त्यांना गंजवते.

केबल बदलूनही फरक पडला नाही, तर वीजबचतीकडे वळा. २०१०च्या मानकाने काम नसताना चिपला डुलकी घेण्याची मुभा दिली. दोन्हीकडच्या चिपचं हे झोपणं-उठणं जुळलं नाही की दुवा तुटतो, आणि तोही बहुधा कॉम्प्युटर शांत असताना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ यादीत ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ बंद करा, आणि कार्डाची वीज बंद करण्याची परवानगीही काढून घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

शोधाचा क्रम मी असा ठेवेन: आधी खात्रीची छोटी केबल जमिनीवरूनच थेट राउटरला, मग राउटरची दुसरी खोबण, मग वीजबचत, शेवटी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). कार्डाला मुद्दाम १०० मेगाबिटवर बांधून पाहणं हीसुद्धा चांगली चाचणी आहे; तुटणं थांबलं तर निळ्या-तपकिरी जोड्यांवरचा संशय पक्का होतो. मात्र चाचणी संपल्यावर ते पुन्हा ‘ऑटो’वर आणा. वेग असा बांधून एका बाजूने बोलणीच बंद केली, तर राउटर बहुधा एका वेळी एकाच दिशेने बोलायचं असं गृहीत धरतो, कॉम्प्युटर दोन्ही दिशांनी बोलत राहतो. मग दुवा तुटत नाही, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की वेग कोसळतो.