बी.एड. आणि एम.एड. प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो

महाराष्ट्रात पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.चा आणि त्यापुढील एम.एड.चा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षामार्फत होतो. बी.एड.साठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के गुण लागतात आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. बी.एड.ची सीईटी १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची असून तीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इथपर्यंत सहसा कोणी अडत नाही.

पहिली गफलत होते ती नोंदणीची. सीईटीसाठी केलेली नोंदणी आणि निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे ‘कॅप’साठी, करावयाची नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चांगले गुण मिळवूनही दुसरी नोंदणी राहून गेल्यामुळे गुणवत्ता यादीत नाव न आलेले उमेदवार दरवर्षी भेटतात. इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय हवे असणाऱ्यांना ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, हे अनेकांना पर्याय भरताना कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

खरी कोंडी जात वैधता प्रमाणपत्राची आहे. जातीचा दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मिळाला म्हणजे काम झाले, असा समज असतो. त्या दाखल्याची पडताळणी मात्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते (अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते) आणि ती मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा मागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला नातीने आणायचा कुठून, याचे उत्तर कोणत्याही खिडकीवर मिळत नाही. अशा वेळी आजोबांच्या भावंडांचा शाळेतील प्रवेश निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधावी. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाकडे आधीच वैधता असेल तर ती अर्जाला जोडावी, कारण त्याने काम पुष्कळ हलके होते. समितीकडे अर्ज केल्याची पावती नोंदणीच्या वेळी चालली तरी मूळ प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत पुढे येतेच, आणि ती चुकली की उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो. म्हणून हा अर्ज सीईटीच्या निकालाची वाट न पाहता करावा.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत व प्रगत गटात नसल्याच्या, प्रमाणपत्रात तारीख दोनदा पाहावी. ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असले पाहिजे. गेल्या मार्चमध्ये संपलेले प्रमाणपत्र, ते कितीही ठळक शिक्क्याचे असो, निरुपयोगी ठरते. अनुसूचित जाती-जमातींना हे लागत नाही. विवाहित उमेदवारांसाठी इथे आई-वडिलांची स्थिती पाहिली जाते, पतीचे उत्पन्न नव्हे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्रासाठी मात्र कुटुंबात पतीही येतो. दोन नियमांतला हा फरक समजावून सांगण्याची तसदी कार्यालये क्वचितच घेतात, आणि मुली उगाच सासर-माहेरच्या तहसिलींत हेलपाटे घालतात. पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी.

गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी असेल तर टक्केवारीचे रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करावे आणि तसे पत्र परीक्षा विभागाकडून आधीच घ्यावे. सायबर कॅफेत अंदाजाने भरलेला आकडा छाननीत टिकत नाही.

एम.एड.च्या उमेदवारांनी बी.एड.च्या गुणपत्रिका नीट लावून ठेवाव्यात, कारण तिथे ५० टक्क्यांची अट बी.एड.च्या गुणांना लागू होते. बाकी कागद तेच. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की प्रवर्ग, गुण आणि नावाचे स्पेलिंग त्याच दिवशी तपासावे, कारण हरकत नोंदवण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि अंतिम यादीनंतर चूक कोणाची होती हे कोणी विचारत नाही.