बुद्रुक, बु. आणि बीके

महाराष्ट्रात वडगाव नावाची गावं किती, हे मोजायला बसू नका. त्यातली काही बुद्रुक, काही खुर्द. समजा, शाळांच्या यादीत ‘वडगाव बुद्रुक’ आहे, पाणीपुरवठ्याच्या यादीत ‘वडगांव बु.’ आणि इंग्रजी तक्त्यात ‘वडगाव बीके’. गावातल्या माणसाला तिन्ही एकच. संगणकाला ती तीन वेगळी गावं. मुली शाळा सोडतात त्या गावात पाणी किती लांबून आणावं लागतं, एवढंच शोधायचं तरी दोन याद्या जोडाव्या लागतात. गाडी अडते ती इथे.

सरकारी आकडेवारी खुली करायला कायद्याची वानवा नाही. अर्ज येण्याआधीच माहिती प्रसिद्ध करा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सन २००५ पासून सांगतंय. २०१२ मध्ये केंद्राचं खुल्या आकडेवारीचं धोरण आलं, पाठोपाठ संकेतस्थळही. ती आकडेवारी कोणत्या अटींवर वापरायची, हे सांगणारा परवाना मात्र २०१७ मध्ये!

दुसरी अडचण फाँटची. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी ‘डी’ असतो. फाँट फक्त त्या अक्षरावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. अशा पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की मुखवटा गळून पडतो आणि हाती इंग्रजी अक्षरांचा काला येतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी जुन्या कागदपत्रांचे ढीग तसेच आहेत. स्कॅन केलेला तक्ता तर त्याहून वाईट. तो निव्वळ फोटो.

आणि नकाशाही एका जागी थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून ८ तालुके काढून पालघर हा ३६ वा जिल्हा झाला. आता कुणी २०१६ मधले ठाण्याचे रुग्ण घेतले आणि जनगणनेतल्या ठाण्याच्या सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येने भागले, तर? त्यातले जवळपास ३० लाख लोक पालघरमध्ये गेलेले. म्हणजे एकही रुग्ण बरा न होता आजाराचं प्रमाण पाव हिश्शाहून जास्त घसरलेलं दिसणार! अशी चूक सहज होते, आणि बातमीचा मथळाही झकास होतो.

यावर उपाय अगदी रुक्ष आहे: प्रत्येक गावाला एक क्रमांक. जनगणनेचा सहा आकडी संकेतांक आहे, पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतही गावांचे क्रमांक आहेत. नाव कसंही लिहा, क्रमांक जुळला की याद्या जुळतात. पण त्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवावा लागतो. जो लिपिक तो भरणार, त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. फायदा दुसऱ्या खात्याचा. उद्या आकडा चुकलेला निघाला, तर खुलासा मात्र त्यानेच द्यायचा.