व्हिसा संपला तरी चालतो, आय-२० संपून चालत नाही

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "माझा व्हिसा २०२९ पर्यंत आहे, मग आय-२० वाढवून कशाला घ्यायचा?" दुसरा: "व्हिसा डिसेंबरात संपतोय, कोर्स मेपर्यंत आहे. डिसेंबरच्या आत परत यावं लागेल का?" यातला पहिला विद्यार्थी अडचणीच्या तोंडाशी उभा आहे आणि त्याला पत्ता नाही. दुसऱ्याला काहीच धोका नाही, पण त्याची आणि घरच्यांची झोप उडाली आहे. दोघांनीही व्हिसा आणि आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला नोंदीचा कागद, एकच धरले आहेत.

पासपोर्टवर चिकटवलेला एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा अमेरिकेचे परराष्ट्र खाते देते. मुंबईच्या मुलांना तो बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासातून मिळतो. त्याचा उपयोग एकच: अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागता येणे. आत आल्यानंतर किती दिवस राहायचे याच्याशी त्याच्यावरच्या तारखेचा संबंध नाही. भारतीय विद्यार्थ्यांना तो साधारण पाच वर्षांसाठी मिळतो, मग एमएस दोन वर्षांचे असले तरी. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आय-२० विद्यापीठ देते. तुमची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत होते आणि त्या नोंदीचा कागद म्हणजे आय-२०. पहिल्या पानावर वरच्या बाजूला सेव्हिस क्रमांक असतो, एन अक्षर आणि पुढे दहा आकडे. खाली अभ्यासक्रम, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, एका वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कुठून भागणार याचा तक्ता. शेवटी विद्यापीठाच्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) सही आणि तुमची सही. विद्यार्थी म्हणून तुम्ही तिथे कायदेशीर आहात की नाही, ते या नोंदीवर ठरते. व्हिसावर नाही.

निघण्याआधी

क्रम ठरलेला आहे. आधी आय-२०, मग सेव्हिस शुल्क ३५० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि व्हिसाचे १८५ डॉलर, मग मुलाखतीचा स्लॉट. तीन-चार विद्यापीठांचे आय-२० हातात असले, तरी डीएस-१६० मध्ये ज्याचा सेव्हिस क्रमांक भरला तेच विद्यापीठ व्हिसावर छापून येते. पहिल्या प्रवेशाला व्हिसा आणि आय-२० एकाच विद्यापीठाचे असावेत. म्हणून निर्णय मुलाखतीआधी घ्या. दरम्यान मन बदलले, तर सेव्हिस शुल्क दुसऱ्यांदा भरायची गरज नाही. भरलेली रक्कम नव्या सेव्हिस क्रमांकाकडे वळवून मागता येते.

आपल्याकडे जास्त घोळ होतो तो नावाचा. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर बहुधा आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कित्येकदा शेवटी आईचेही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र. विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज मार्कशीट समोर ठेवून भरला, की आय-२० वर आडनाव पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसते किंवा वडिलांचे नाव गळते. आय-२० चे नाव पासपोर्टशी जुळले पाहिजे, मार्कशीटशी नाही. ईमेलने आय-२० आला की पहिल्यांदा पासपोर्ट उघडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. चूक दिसली तर डीएसओला पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवून दुरुस्त आय-२० मागवा आणि त्यानंतरच डीएस-१६० भरा.

दुसरी तपासायची जागा म्हणजे खर्चाचा तक्ता. आय-२० वर 'स्वतःचा निधी' म्हणून पूर्ण रक्कम दाखवली आणि मुलाखतीला बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र नेले, तर अधिकारी विचारणारच. कर्ज नंतर ठरले असेल तर आय-२० मध्ये बदल करून घ्या, नाहीतर किमान दोन्हीचा हिशेब एका वाक्यात सांगता यावा.

व्हिसा नाकारला गेला म्हणून आय-२० बाद होत नाही. तोच आय-२० घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. डीएस-१६० नवा आणि १८५ डॉलर पुन्हा, पण सेव्हिसचे ३५० नाहीत. अट एवढीच की कोर्स सुरू व्हायची तारीख उलटलेली नसावी. ती जवळ येत असेल तर ती उलटण्याआधी डीएसओला लिहून प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून घ्या.

व्हिसा कोर्सच्या ३६५ दिवस आधीही मिळू शकतो. मात्र अमेरिकेत पाऊल ठेवता येते ते आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस. फॉलचा, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राचा, कोर्स २० ऑगस्टला सुरू होत असेल तर जूनचे स्वस्त तिकीट उपयोगाचे नाही.

उतरल्यावर

विमानतळावर तिसरा कागद जन्माला येतो, आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद. तो हातात देत नाहीत, सीबीपी या अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यायचा असतो. पहिल्या आठवड्यातच उतरवा आणि दोन गोष्टी पाहा. वर्ग एफ-१ च आहे ना? ज्यांच्या पासपोर्टवर आधीचा पर्यटक व्हिसाही चालू आहे, त्यांची नोंद कधीकधी चुकून पर्यटक म्हणून होते. आणि मुदतीच्या जागी काय आहे? डी/एस अशी अक्षरे असतील, तर अभ्यासक्रम नियमाने चालू आहे आणि आय-२० जिवंत आहे तोवर राहता येते. तिथे तारीख छापलेली असेल तर ती तारीख पाळायची, आणि ती अनपेक्षित वाटली तर लगेच डीएसओकडे जायचे.

यापुढे रोजच्या आयुष्यात व्हिसा कपाटात गेला तरी हरकत नाही. जपायचा तो आय-२०. अर्थात कागद नुसता जपून भागत नाही. त्यामागची नोंद मोडते ती साध्यासाध्या गोष्टींनी. प्रोफेसर कडक वाटला म्हणून विषय सोडला आणि पूर्णवेळच्या क्रेडिटखाली गेला (पदवीला १२, एमएसला बहुतेक ठिकाणी ९): डीएसओची परवानगी विषय सोडायच्या आधी लागते, नंतर नाही. पूर्णवेळच्या मोजणीत एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरला जातो. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचे. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम.

ओळखीच्या माणसाच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर रोखीने केलेले काम सगळ्यांत महागात पडते. बाकीच्या बऱ्याच चुका दुरुस्त करायला 'रिइन्स्टेटमेंट'चा, म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा परत मिळवण्याचा, अर्ज असतो. विनापरवाना काम केलेल्याला तो रस्ताही बंद. फी भरायला पैसे कमी पडत असतील तर आधी डीएसओला सांगा. खरी आर्थिक ओढाताण असेल तर परवानगीने काम करायची सोय नियमांत आहे.

आता तो पहिला प्रश्न. प्रबंध लांबला, आय-२० ची शेवटची तारीख १५ मे आहे आणि काम ऑगस्टपर्यंत चालणार. मुदतवाढ १५ मेच्या आधी झाली पाहिजे. त्यासाठी गाइडचे पत्र, लांबण्याचे शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण आणि वाढीव काळाच्या खर्चाचा पुरावा लागतो. गुण कमी पडून प्रोबेशनवर गेलो, हे कारण चालत नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज द्या, कारण विभागाची सही मिळायलाच आठवडे जातात. १६ मेला डीएसओच्या हातात काही उरत नाही. पासपोर्टवरचा व्हिसा २०२९ पर्यंत असला तरी तो इथे कामाला येत नाही.

कोर्स नीट पूर्ण झाला तर आय-२० च्या शेवटच्या तारखेनंतर ६० दिवस मिळतात: सामान आवरायला, दुसऱ्या कोर्सला जायला किंवा ओपीटीचा (शिक्षणानंतर आपल्या विषयात काही काळ काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज करायला. डीएसओच्या परवानगीने कोर्स मध्येच सोडला तर १५ दिवस. नियम मोडून नोंद बंद झाली तर एकही नाही. कोर्स लवकर संपल्यास डीएसओ शेवटची तारीख अलीकडे आणतो आणि ६० दिवस तिथून मोजले जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

घरी येऊन जायचे असेल तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: डिसेंबरात व्हिसा संपला तरी मेपर्यंत तिथे राहायला, शिकायला, कॅम्पसवर काम करायला आडकाठी नाही. देशाबाहेर पडलात की मात्र परत येताना चालू व्हिसा लागतो. दिवाळीला घरी येणाऱ्याने तिकिटाआधी दोन तारखा बघाव्यात. व्हिसाची, आणि आय-२० च्या दुसऱ्या पानावरच्या प्रवासाच्या सहीची. ही सही एक वर्ष चालते, ओपीटीवर असताना सहा महिनेच. सही विसरलेल्याला बऱ्याचदा आय-५१५ए ही नोटीस देऊन ३० दिवसांपुरते आत घेतात आणि मग कागदपत्रांची धावपळ करावी लागते.

व्हिसा नव्याने घ्यायचा असेल तर आता सुट्टीचे गणित कडक झाले आहे. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत न देता व्हिसा मिळायची सवलत बहुतेकांसाठी संपली आणि अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करा अशी सूचना आली. मेक्सिकोत जाऊन व्हिसाचे स्टॅम्पिंग करून यायची जुनी युक्ती आता धरू नका. मुंबईचा स्लॉट आधी, तिकीट नंतर.

एक सवलत अजून आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलात, आय-९४ आणि आय-२० चालू आहेत आणि तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केला नाही, तर संपलेल्या व्हिसावरही परत घेतात. त्या देशात शिरायला त्यांचा व्हिसा लागतोच. नव्या पासपोर्टसोबत जुना, व्हिसा असलेला पासपोर्टही जवळ ठेवा.

एप्रिल २०२५ मध्ये व्हिसा आणि सेव्हिस नोंद यांतला हा फरक हजारो विद्यार्थ्यांच्या अंगावर आला. काहींचे व्हिसा परराष्ट्र खात्याने रद्द केले, तर अनेकांच्या सेव्हिस नोंदी आयसीई या अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याने बंद केल्या. काहींच्या बाबतीत दोन्ही झाले. विद्यार्थी कोर्टात गेले आणि महिनाअखेरीस नोंदी परत चालू करण्याची घोषणा झाली, पण त्याने रद्द झालेले व्हिसा परत आले नाहीत. त्याच सुमारास व्हिसा रद्द होणे हे नोंद बंद करायचे कारण धरता येईल, अशी आयसीईची सूचनाही निघाली. म्हणून व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आला तर घाबरून विमानात बसू नका. त्याच दिवशी डीएसओकडून सेव्हिस नोंद 'अॅक्टिव्ह' आहे का ते लेखी घ्या आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला. नोंद चालू असताना देश सोडलात तर परतीचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलेला असतो.